पुठ्ठा काढ

३ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. ते भांडणामुळे कमी-जास्त होत नसतात, तेव्हा घेऊन टाक आणि पुढे वाच.

तुला मुलगी झाली आहे. घाबरू नकोस, चांगली एकोणतीस वर्षांची आहे, स्वतःचं कमावते आणि तिला तुझ्याकडून काही नको. सही तेवढी हवी आहे, तीही तिला नाही, मला.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सरळच सांगते. गेल्या आठवड्यात नगरपालिकेच्या तपासनीस बाई आपल्या गल्लीत आल्या होत्या. खांद्याला मोठी पिशवी, हातात याद्या. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला आता परवाना लागतो म्हणे. मी नेमकी एका गिऱ्हाइकाच्या झग्याची मुडप घालत बसले होते, तोंडात टाचण्या. बाईंनी विचारलं, "वर कोण राहतं?" मी म्हटलं, "वरची." त्या म्हणाल्या, "वरची म्हणजे कोण? भाडेकरू?" आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी पाढा सुरू केला. भाडेकरू असेल तर गॅसच्या तपासणीचा दाखला, वायरिंगचा दाखला, जिन्यात धुराची घंटा, सह्या केलेला करार, आणि हे सगळं जोडून परवान्याचा अर्ज. नसेल तर वरचा मजला रिकामा करून बंद.

माझ्याकडे यातलं काय आहे? तुला माहीतच आहे. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण कुणाचं माप कधी लिहून ठेवलं नाही. माणूस दारातून आत आला की मला त्याचे खांदे कळतात. भाडेकरूही मी तसेच ठेवले. कागद केला की माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात, हे मी आपल्याच घरात बघितलं आहे. तर टाचण्या तोंडातच होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू कुठली? भाची आहे माझी. धाकट्या भावाची मुलगी."

बाई खूश झाल्या. त्यांचं काम वाचलं. घरचंच माणूस राहत असेल तर परवाना नको, तपासणी नको, काहीच नको. फक्त एक प्रतिज्ञापत्र द्यायचं, की वर राहणारी आमची नातेवाईक आहे. पण बाबांनी घर दोघांच्या नावावर केलंय ना, म्हणून सह्या दोघांच्या लागतात. तू लग्न केलं नाहीस हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

आता वरचीबद्दल. चार वर्षं झाली तिला इथे. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. हुशार आहे, सरळ आहे, खोटं बोलता येत नाही, त्यामुळे मला जरा काळजीच वाटते. तिला मी शब्दावर ठेवली आणि तीही शब्दावर राहिली. मी तिला काही कमी पडू देत नाही. परवा म्हणाली, ताई, बाथरूमच्या झरोक्यातून फार गार वारा येतो, केस धुताना हुडहुडी भरते. मी त्याच दिवशी स्टुलावर चढून झरोक्याला पुठ्ठा लावला, चारी बाजूंनी चिकटपट्टी. या वयात. तू असतास तर निविदा मागवल्या असत्यास. आता कसं उबदार वाटतं म्हणाली. हल्ली तिचं डोकं दुखतं, पण दिवसभर काचांकडे बघून दुसरं काय होणार. मी आलं घालून चहा करून देते.

सही झाली नाही तर तिला जावं लागेल, धाकट्या. थंडीच्या तोंडावर एकट्या मुलीने खोली कुठे शोधायची? आणि खरं सांगायचं तर मलाही वर पावलं वाजली नाहीत की घर खायला उठतं. म्हणून विनंती करते. विनंती हा शब्द मी तुझ्यासाठी पहिल्यांदा वापरते आहे, त्याची नोंद घे.

फुली मारलीय तिथे सही कर. परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलंय. फोन केला असता, पण फोनवर आपलं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. आपलं भांडण कशावरून झालं तेही मला आता आठवत नाही.

तुझी ताई

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणायचं.

सहा वर्षांनी भावाचं पाकीट येतं. बाई माणूस ते हातात घेऊन आधी खुर्चीत बसते, चष्मा पुसते, पाकीट कडेने नीट कापते. आत काय, तर तेच प्रतिज्ञापत्र, कोरंच्या कोरं, आणि पाठीवर दोन ओळी. "ताई, सही करणार नाही. पुठ्ठा काढ." संपलं. ना कशी आहेस, ना गुडघे काय म्हणतात. तारखेसकट मोजले तरी शब्द हाताच्या बोटांवर मावतात. शब्दांचे पैसे पडतात का तुमच्याकडे?

आणि सही नाही ती नाही, वर हुकूम. मी काय मागितलं आणि तू काय दिलंस. घरात बसून विमा कंपनीच्या फायली वाचणाऱ्या माणसाने मला शिकवायचं, की झरोका उघडा ठेवायचा की बंद. तुझं कामच तसं. लोकांची जळालेली, बुडालेली, पडलेली घरं दिवसभर कागदावर बघायची आणि दावा मंजूर की नामंजूर ते लिहायचं. तुला उभं घर दिसतच नाही.

मला आठवत नाही असं मी लिहिलं होतं. आठवतं. चांगलं लख्ख आठवतं. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता आणि तू हातात वही घेऊन घरभर फिरत होतास. ही वायर बदल, तो नळ बदल, हे बटण कुणी बसवलं, ते कुणी जोडलं. बाबांनी स्वतःच्या हाताने केलेलं सगळं आधी परवानेवाल्या माणसाकडून उपसून काढ आणि मगच वर कुणाला ठेव, असं म्हणालास. ज्या माणसाने तारा आणि डबे वापरून हे घर चाळीस वर्षं चालतं ठेवलं, त्याच्या कामाला तू धोका म्हणालास. मग मी जे बोलले ते बोलले. तू बॅग उचललीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्या दोघांना बघूनच म्हणत असावेत.

तर ऐक. तुझ्या सहीवाचून माझं अडलेलं नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं, विसरलास का? गणितात नापास झालास तेव्हा कुणाच्या पाया पडला होतास? बाबांची जमली, तर तुझी काय अवघड आहे. सुरुवातीचं अक्षर मोठं, मग एक लांब रेघ, खाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी असतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि पुठ्ठा तसाच आहे. काढणार नाही. अर्धं घर तुझं असलं तरी तो झरोका माझ्या अर्ध्यातला आहे असं समज.

ताई

२२ नोव्हेंबर

धाकट्या,

आज रागावलेली नाही, तेव्हा सावकाश वाच.

मी तुझी सही केली होती. आधी रद्दी कागदावर सराव केला, मग प्रतिज्ञापत्रावर. इतकी हुबेहूब आली की तू स्वतःसुद्धा बघून म्हणाला असतास, मी ही कधी केली. शाई वाळायला कागद शिवणयंत्रावर ठेवला, आणि तेवढ्यात वरची खाली आली.

तिला सगळं आधीच सांगितलेलं होतं, की कुणी विचारलं तर तू माझी भाची. ती बापडी म्हणाली, "ताई, त्या बाई पुन्हा आल्या आणि वडलांचं नाव विचारलं तर कुणाचं सांगू? माझ्या वडलांचं सांगितलं तर तुम्ही अडकाल, आणि तुमच्या भावाचं सांगताना माझी जीभ अडखळेल." मी म्हटलं, "अडखळेल तर अडखळू दे, लाजरी आहे म्हणून सांगेन." ती हसली नाही. यंत्रापाशी उभी राहून त्या कागदाकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "हे गेलं की मी इथे भाड्याने राहते असं कुठेच राहणार नाही, ना?"

"नाहीच राहणार. म्हणून तर करतेय."

"आत्ताही नाहीये," ती म्हणाली. "मला स्वतःचं छोटं दुकान काढायचंय. बँकेत गेले होते उन्हाळ्यात. त्यांनी राहत्या जागेचा करार मागितला. नाही म्हटल्यावर त्यांनी फाइल परत दिली."

मी विचारलं, मला का नाही बोललीस. तर म्हणाली, "तुम्ही कागदाचं नाव काढलं की तुमचा चेहरा बदलतो. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी म्हटलं, "अगं, मी असताना तुला कसली भीती? मी का तुला घराबाहेर काढणार आहे?"

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही नसलात तर? तुमचे भाऊ येतील. मी त्यांना काय दाखवू? मी इथे चार वर्षं राहिले हे त्यांना कशावरून खरं वाटेल?"

मला वाटायचं कागद नाही म्हणजे विश्वास आहे. होताच विश्वास. पण तो सगळा माझ्या जिवाला टांगलेला होता, आणि माझा जीव आता काही नवा राहिलेला नाही. तिला मी घरची म्हणत होते आणि तिच्या हातात घराचं काहीच नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि तिने एवढे दिवस गप्प राहून माझी मर्जी सांभाळली याचं त्याहून जास्त.

ती वर गेल्यावर तुझी ती सुंदर सही फाडून टाकली. सकाळी चांगली साडी नेसून कचेरीत गेले.

कचेरी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू त्याच जातीचा. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. तिसऱ्या खिडकीवरचा म्हणाला, प्रतिज्ञापत्र द्यायला आलात का? मी म्हटलं, नाही, न देता परत घ्यायला आले आहे. त्याला हे कुठल्या रांगेत बसवायचं ते कळेना. शेवटी तपासनीस बाई स्वतःच भेटल्या, डबा खात होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं की मला भाची नाही, भावाला मुलगी नाही, भावाला बायकोही नाही, वर राहते ती भाडेकरू, आणि माझ्याकडे एकही दाखला नाही.

बाईंनी घास संपवला. म्हणाल्या, "काकू, मला ठाऊक होतं."

"कसं काय?"

"वर जाऊन त्या मुलीशी बोलले होते ना त्या दिवशी. आत्याचं नाव विचारलं तर तिला सांगता आलं नाही. मी महिनाभर वाट बघायची ठरवली होती. बहुतेक लोक येतात. येत नाहीत त्यांच्याकडे मी जाते."

दंड होणार आहे. तो माझा, तुझ्यापर्यंत येणार नाही. मंगळवारी तपासणीला येणार. सोबत परवान्याचा खरा अर्ज पाठवते. यावर जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, मी दोनदा वाचलं. दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. सही करायची की नाही ते तुझं तू बघ.

पण मनातली भीती तुला नाही तर कुणाला सांगू? तपासणीत काही निघालं तर वरचा मजला बंदच करतील. म्हणजे मी खोटं बोलले तरी ती बाहेर आणि खरं बोलले तरी ती बाहेर. हात दाखवून अवलक्षण केलं का मी? बाईंना तसं विचारलं, तर म्हणाल्या, आधी बघू तर द्या.

ताई

२७ नोव्हेंबर

धाकट्या,

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. सगळे ठीक आहेत हे आधी लिहिते. वरची ठीक आहे, मी ठीक आहे, घर उभं आहे.

काल बाई आल्या, बरोबर गॅसवाला. वायरिंग बघितलं, दोन बटणं बदलायला सांगितली. जिना बघितला, कठडा हलवून बघितला, म्हणाल्या चांगला आहे. मी मनात म्हटलं, बाबांचाच आहे. मग बाथरूममध्ये गेल्या. गॅसवरचा गीझर चालू करायला सांगितला आणि पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढून हातात धरून उभ्या राहिल्या. वरची आणि मी दारात. पाणी तापायला लागलं, वाफ आली. यंत्रावर आकडा होता. तो चढायला लागला. मला वाटलं गरम पाण्याचा असेल. बाईंचा चेहरा बघितला आणि समजलं की नाही.

त्यांनी गीझर बंद केला, गॅसचा खटका बंद केला, वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्हाला अंगणात जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. पण असं सांगितलं की मी चपला न घालताच खाली आले.

गॅसवाल्याने शिडी लावून बाथरूमच्या वरच्या माळ्याची फळी काढली. गीझरची धुराची नळी त्या माळ्यातून भिंतीबाहेर जाते. मधे तिला जोड आहे. त्या जोडावर दुधाच्या पावडरीचा डबा होता, धाकट्या. दोन्ही बुडं कापून नळीवर सरकवलेला, दोन्हीकडून तारेने आवळलेला. तारेला तो पीळ, टोक आत दुमडलेलं, कुणाला बोचू नये म्हणून. बघताक्षणी ओळखलं मी कुणाचं काम ते. वरून पाहिलं तर डबा ठणठणीत. खालची बाजू गंजून गळून गेली होती. तळहात जाईल एवढं भोक. धूर बाहेर जायच्या ऐवजी माळ्यात साठायचा आणि फळीच्या फटीतून खाली बाथरूममध्ये उतरायचा. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला फक्त डोकं दुखतंय असं वाटतं. मग झोप आल्यासारखं वाटतं.

मी आलं घालून चहा देत होते.

बाईंनी विचारलं, "हा झरोका नेहमी उघडाच असतो ना?" वरची म्हणाली, "मधे ताईंनी पुठ्ठा लावला होता. मग काढला." बाईंनी विचारलं, "कधी काढला?" आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

त्या रागाच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पुठ्ठा तसाच आहे असं लिहिलं. तो मी तुझं पाकीट आलं त्याच दुपारी काढला होता. दोन ओळी वाचल्या, तुला भरपूर शिव्या दिल्या, आणि शिव्या देत देतच स्टूल घेऊन वर गेले. का ते मला सांगता येत नाही. तू लहानपणापासून बोलतोस कमी, आणि बोललास की उगाच बोलत नाहीस. पुठ्ठा फाडून काढला, खाली आले, आणि मग तुला ते पत्र लिहायला बसले. तुला जिंकू द्यायचं नव्हतं. वरचीला म्हटलं, बाळ, थोडी हुडहुडी सोस, कोंडट वास येतो. तेव्हापासून तिचं डोकं दुखायचं कमी झालं होतं. मला वाटलं चहाचा गुण.

गॅसवाला शिडीवरून उतरताना म्हणाला, "अशा थंडीत हा बंद राहिला असता तर, काकू..." आणि हात पुसत राहिला. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने. शेजारपाजार बघत होता, बघू दे म्हटलं. वरची शेजारी येऊन बसली आणि मला म्हणते, "ताई, काही झालं नाही ना." काही झालं नाही, हेच तर. तिचा हात धरला, तो गरम होता, आणि माझ्या जिवात जीव आला. कितीतरी वेळ सोडला नाही. तिला बिचारीला कामाला उशीर झाला.

तर आता वरचा मजला बंद आहे. गीझरवर लाल चिकटपट्टी, दारावर नोटीस. ज्या नोटिशीला घाबरून मी तुला बाप बनवलं, तीच दारावर लागली आणि मी बाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, काकू, नोटीस लावल्यावर हात जोडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. काम पूर्ण करून दाखला आणा, मी स्वतः येऊन काढते.

वरची तुझ्या खोलीत झोपते. तुझं टेबल तिला फार आवडलं. खणात तुझे जुने पत्ते सापडले, त्यात गुलाम कमी आहेत.

बाबांवर रागावू नकोस. आईच्या आजारपणात गीझर बिघडला होता, तेव्हा केलं असणार त्यांनी, तिला गरम पाणी मिळावं म्हणून. घट्टच बसवला होता डबा. गंजाला ते काय करणार. आणि तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. तपासनीस बाई बरोबर होत्या. पण एक सांग, एवढ्या लांबून, पत्रातल्या एका ओळीवरून, तुला कसं कळलं?

तुझी ताई

११ डिसेंबर

धाकट्या,

तू फोन केलास. पत्राचं उत्तर फोनने द्यायचं नसतं, पण तुला कोण सांगणार.

मी हॅलो म्हटलं आणि पलीकडून नुसता श्वास. मला वाटलं कुणीतरी वात्रटपणा करतंय, ठेवणारच होते. मग तू म्हणालास, "ती कशी आहे?" आवाज किती बाबांसारखा झालाय रे तुझा. बरी आहे म्हटलं. मग तू म्हणालास, "आणि तू?" सहा वर्षांनी विचारलंस. मी तुला गुडघ्यांचं सगळं सांगितलं, तू सगळं ऐकलंस.

त्या फाइलबद्दल तू सांगितलंस ते तेव्हापासून मनातून जात नाही. नोकरीतलं पहिलं वर्ष, पहिला मोठा दावा. नवरा-बायको, नवीन संसार, बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा. तूच ती फाइल वाचलीस, तूच शेरा लिहिलास. आणि कुणाला कधी बोलला नाहीस. म्हणून तू बाबा गेल्यावर वही घेऊन घरभर फिरत होतास. मला वाटलं तू घराची किंमत काढतोयस. अरे, एकदा बोलायचं होतंस, की ताई, मला भीती वाटते. मी तुझी बहीण आहे, विमा कंपनी नाही. भीती वाटते म्हणाला असतास तर मी त्याच दिवशी गॅसवाल्याला बोलावलं असतं. नियम आहे म्हणालास, आणि मला नियमाचा राग आला.

तू सही केली नाहीस म्हणून ती वाचली. लिहून दिलं बघ. तोंडाने म्हणवणार नाही, तेव्हा आग्रह करू नकोस.

आता बातम्या. तुझा सही केलेला अर्ज पोचला. प्रत्येक पानावर सही, जिथे नको तिथेही, टिंबांसकट. गीझर नवीन घेतला, तो आता बाथरूममध्ये नाही, मागच्या गच्चीत बाहेरच्या भिंतीवर. नळी सरळ उघड्यावर. गॅसवाल्याने दाखला दिला, वायरिंगवाल्याने दिला. जिन्यात धुराची घंटा आणि वर त्या वास नसलेल्या विषाची वेगळी घंटा. मी तपासायला बटण दाबलं तर अशी किंचाळली की शेजारच्या म्हाताऱ्याने काठी घेऊन धाव घेतली. सोमवारी बाईंनी येऊन नोटीस काढली आणि परवाना दिला. मी भिंतीवर लावलाय, कापडाच्या ठाणांच्या वर, गिऱ्हाइकांना दिसेल असा. सगळ्यांना वाटतं मला शिवणकामाचं बक्षीस मिळालं. मी नाही म्हणत नाही.

करारही झाला. तुझा मसुदा वाचला, फार लांब आहे, पण चांगला आहे. मी गेले तरी तिला मुदतभर राहता येईल, हे कलम तू स्वतःहून घातलंस. मी सांगितलं नव्हतं. वरचीने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, बोट ठेवून. मला म्हणाली, "तुमच्या भावाने मला पाहिलेलंही नाही." मी म्हटलं, तो माणसं कागदावरच बघतो, तिथे त्याला चांगली दिसतात. बँकेने तिची फाइल ठेवून घेतली आहे. दुकान होईल, नाही होणार, पुढचं पुढे.

सुट्टी काढून ये. तुझ्या खोलीतून ती कालच वर गेली, चादर बदलली आहे. एक खुर्ची बाबांनी तारेने बांधलेली आहे, ती मी फेकणार नाही, पण तुला बसायला दुसरी देईन.

आत्ता मी जिन्यात बसून लिहितेय, मांडीवर पाट घेऊन. नव्या गीझरवर ती पहिल्यांदाच अंघोळ करतेय. दाखला आहे, घंटा आहे, झरोका उघडा आहे, सगळं मला ठाऊक आहे. तरी पाय खाली जायला तयार नाहीत. पाण्याचा आवाज मधेच थांबला की माझं पेन थांबतं. आत्ता थांबला होता. मी हाक मारली, "आहेस ना गं?"

वरून म्हणाली, "आहे हो ताई. केसांना साबण लावतेय."

लाव म्हटलं. हवा तेवढा वेळ लाव.

ताई